शिंगराचे दात : पडण्याचा काळ, जपण्याचा काळ

घोड्याचे वय दातांवरून ओळखतात, ही गोष्ट शहरी वाचकालाही ऐकून ठाऊक असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा नांदेडजवळच्या माळेगावच्या बाजारात जनावर पाहणारा माणूस आधी त्याचा ओठ वर करतो, तो याचसाठी. परंतु ज्या दातांवरून हे वय मोजले जाते, ते दात येताना आणि पडताना त्या जनावराला काय सोसावे लागते, याचा विचार फारसा होत नाही. माणसाच्या मुलाचे दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत सावकाश पडतात. घोड्याच्या बाबतीत हा सारा व्यवहार अवघ्या दोन वर्षांत उरकतो. अडीच ते साडेचार वर्षे या वयात त्याचे २४ दुधाचे दात पडतात आणि दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान ३६ पर्यंत कायमचे दात हिरडीतून वर येतात.

नेमके हेच वय घोड्याच्या शिक्षणाचे असते. याच काळात त्याच्या तोंडात प्रथम लगाम जातो, पाठीवर स्वार बसतो आणि शर्यतीच्या घोड्याला तर मैदानातही उतरावे लागते. अशा वेळी घोडा मान झटकू लागला, लगाम चावू लागला किंवा चंदी अर्धवट टाकू लागला, की तो हट्टी आहे, द्वाड आहे, असा शिक्का सहज बसतो. पुष्कळदा त्याचे कारण स्वभावात नसते, तोंडात असते. दुखणारी दाढ ओळखली गेली नाही, तर घोड्याच्या वाट्याला उपचाराऐवजी चाबूक येतो. म्हणूनच कोवळ्या घोड्याच्या दातांची माहिती ही केवळ पशुवैद्यकांच्या कामाची बाब राहत नाही.

गवताने घडवलेले तोंड

घोड्याचे सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे पूर्वज कुत्र्याएवढे लहान होते आणि ते झाडांचा कोवळा पाला खात. त्यांचे दात आखूड होते. पुढे पृथ्वीवर गवताळ प्रदेश पसरले आणि घोड्याचे कूळ गवताकडे वळले. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगत चरताना मातीही तोंडात जाते. या दोहोंनी दात घासले जातात. त्यावर निसर्गाने काढलेला उपाय म्हणजे उंच दात. पाच वर्षांच्या घोड्याची दाढ हिरडीच्या वर थोडीशीच दिसते. तिचा बराच मोठा भाग, साधारण सात ते दहा सेंटीमीटर, जबड्याच्या हाडात दडलेला असतो. वरून दात जितका झिजतो, तितकाच तो दरवर्षी दोन ते तीन मिलिमीटर वर सरकतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सशाचे दात जन्मभर नव्याने वाढत राहतात. घोड्याचे तसे नाही. त्याच्या कायमच्या दाताचा साठा लहान वयातच तयार होतो आणि तोच पंचवीस-तीस वर्षे पुरवून वापरायचा असतो. त्यामुळे तरुणपणी झालेले दातांचे नुकसान म्हातारपणी भरून निघत नाही.

पूर्ण वाढ झालेल्या घोड्याच्या तोंडात ३६ ते ४४ दात असतात. वर सहा आणि खाली सहा असे बारा पटाशीचे दात गवत कातरतात. बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, घोड्याला मात्र ते असतात. त्यांच्या मागे मोकळी हिरडी असते आणि लगामाचे कडियाळे याच मोकळ्या जागेत बसते. त्यामागे प्रत्येक बाजूला वर सहा आणि खाली सहा, अशा एकूण चोवीस उपदाढा व दाढा असतात. नराला चौथ्या-पाचव्या वर्षी चार सुळे येतात. घोडीला ते बहुधा येत नाहीत, आले तरी अगदी लहान राहतात.

दुधाचे दात कधी येतात, कधी पडतात

शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या दुधाच्या उपदाढा एक तर आलेल्या असतात किंवा पहिल्या दोन आठवड्यांत येतात. पुढच्या दातांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. मधली जोडी पहिल्या आठवड्यात, तिच्या शेजारची जोडी सुमारे सहा ते आठ आठवड्यांत आणि कोपऱ्यातली जोडी सहा ते आठ महिन्यांत दिसू लागते. अशा रीतीने बारा पुढचे दात आणि बारा उपदाढा मिळून दुधाचे २४ दात पूर्ण होतात. मागच्या तीन दाढांना दुधाची आवृत्ती नसते. त्या थेट कायमच्याच उगवतात.

पुढील वेळापत्रक सर्वसाधारण आहे. जात, आहार आणि प्रत्येक जनावराची प्रकृती यांनुसार त्यात काही महिन्यांचा फरक पडू शकतो.

- १ वर्ष : पहिली कायमची दाढ
- २ वर्षे : दुसरी कायमची दाढ
- अडीच वर्षे : पुढच्या दातांची मधली जोडी बदलते, दुधाची पहिली उपदाढ पडते
- ३ वर्षे : दुधाची दुसरी उपदाढ पडते
- साडेतीन वर्षे : पुढच्या दातांची शेजारची जोडी बदलते
- साडेतीन ते ४ वर्षे : दुधाची तिसरी उपदाढ पडते, शेवटची कायमची दाढ येते
- साडेचार वर्षे : पुढच्या दातांची कोपऱ्यातली जोडी बदलते
- ४ ते ५ वर्षे : नराचे सुळे

पाच वर्षांच्या घोड्याचे तोंड ‘भरलेले’ मानले जाते. जनावरांच्या बाजारात बैलासाठी वापरली जाणारी ‘आदत’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘जुळलेला’ ही भाषाही अशाच दातबदलावर बेतलेली आहे. दुधाचा दात आकाराने लहान, रंगाने अधिक पांढरा आणि हिरडीजवळ निमुळता असतो; कायमचा दात रुंद, पिवळसर आणि उभ्या खाचा असलेला दिसतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला, की नवख्या माणसालाही अडीच आणि साडेतीन वर्षांचे जनावर वेगळे ओळखता येते.

‘टोपी’ अडकते तेव्हा

दुधाचा दात पडतो, तो मुळासकट नव्हे. खालून वर येणारा कायमचा दात त्याच्या मुळांवर दाब देतो, त्यामुळे ती मुळे हळूहळू विरघळत जातात आणि शेवटी नव्या दाताच्या डोक्यावर जुन्या दाताची पातळ चकती तेवढी उरते. तिला ‘कॅप’, म्हणजे टोपी, म्हणतात. बहुतेक वेळा ही टोपी चावता चावता आपोआप निसटते. तबेल्याच्या गव्हाणीत किंवा जमिनीवरच्या गवतात ती सापडते आणि अनेकदा ती दाताचा तुटलेला तुकडा समजून मालक घाबरून जातो. वय अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान असेल, चकती पातळ व मुळे नसलेली असेल आणि घोडा नीट खात असेल, तर काळजीचे कारण नसते.

प्रश्न उभा राहतो तो टोपी वेळेवर न निसटल्यास. ती एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूने लटकत राहते, हिरडीला किंवा गालाला टोचते. तिच्याखाली अन्न साचून कुजते आणि तोंडाला दुर्गंधी येते. घोडा एकाच बाजूने चावतो, मान तिरकी करतो, गवताचे अर्धवट चावलेले बोळे तोंडातून टाकतो. पुढच्या दातांच्या बाबतीत अडकलेला दुधाचा दात नव्या दाताला मागे किंवा बाजूला ढकलतो आणि दोन्ही दात एकामागे एक उभे दिसतात.

वर येणाऱ्या दाताला वाट मिळाली नाही, की त्याचा दाब खाली, जबड्याच्या हाडावर पडतो. तीन-चार वर्षांच्या कित्येक घोड्यांच्या खालच्या जबड्याच्या कडेवर दोन-तीन टणक फुगवटे हाताला लागतात. दोन्ही बाजूंना सारखे असलेले, न दुखणारे फुगवटे हा दातबदलाचाच भाग होय. पुढील वर्षभरात ते बहुधा ओसरतात. मात्र फुगवटा एकाच बाजूला असेल, गरम किंवा दुखरा असेल, त्यातून पू वाहत असेल, तर दाताच्या मुळाशी जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. वरच्या मागच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या हाडातील पोकळ्यांना लागून असतात. त्यामुळे तिथला संसर्ग एकाच नाकपुडीतून वाहणाऱ्या दुर्गंधीयुक्त स्रावाच्या रूपाने प्रकट होतो आणि साधी सर्दी समजून त्यावर आठवडेच्या आठवडे वाया जातात. अशा वेळी क्ष-किरण तपासणीला पर्याय नसतो.

घाईची किंमत

टोपी अडकल्याने त्रास होतो, मग सर्व टोप्या आधीच काढून टाकल्या तर काय बिघडले? हा विचार वरवर पटण्यासारखा आहे. शर्यतीच्या जगात तो अनेक देशांत रूढही होता : ठराविक वय झाले, की चिमटा लावून सगळ्या टोप्या उपटायच्या. आजचे पशुवैद्यक शास्त्र मात्र त्याला स्पष्ट विरोध करते.

वरच्या दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर पेल्यासारखे दोन खोल खळगे असतात. दात वर येत असताना हे खळगे आतून सिमेंट नावाच्या पदार्थाने भरले जात असतात आणि त्यासाठी लागणारा रक्तपुरवठा काही अंशी वरच्या बाजूने, दुधाच्या दाताखालील नाजूक पटलातून होतो. टोपी अकाली उपटली, तर हा पुरवठा तुटतो, खळगा अर्धवट भरलेला राहतो. पुढे त्यात अन्न साचून कीड लागते आणि काही वर्षांनी ती दाढ उभी चिरण्याचा धोका संभवतो. तीन वर्षांच्या घोड्यावर केलेल्या घाईचे फळ असे तो बारा वर्षांचा झाल्यावर दिसते आणि तोपर्यंत कारणाची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

म्हणून नियम सोपा आहे. टोपी हलत असेल, ती आणि नवा दात यांच्यामधील रेघ हिरडीच्या वर स्पष्ट दिसत असेल किंवा जोडीची दुसऱ्या बाजूची टोपी पडून बराच काळ लोटला असेल, तरच ती काढावी. एरवी निसर्गाला त्याचे काम करू द्यावे. काढतानाही आधी गुंगीचे इंजेक्शन, तोंड उघडे ठेवणारे साधन, डोक्यावर दिवा आणि हातात आरसा ही किमान तयारी हवी. पकडीने घाईघाईत ओढलेली टोपी अर्धी तुटते आणि तिचा अणकुचीदार तुकडा हिरडीत राहून जातो. घोडा धनुर्वाताला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. त्यामुळे कोणताही दात काढण्यापूर्वी धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा असतो, हेही येथे लक्षात घ्यावे. नाळबंद किंवा मोतद्दार अनुभवी असला, तरी दात उपटणे हे त्याचे काम नव्हे.

‘वुल्फ टूथ’ आणि लगाम

उपदाढांच्या अगदी पुढे, बहुधा वरच्या जबड्यात, काही घोड्यांना करंगळीच्या नखाएवढा एक छोटा दात येतो. इंग्रजीत त्याला ‘वुल्फ टूथ’ म्हणतात. लांडग्याशी त्याचा काही संबंध नाही. घोड्याच्या पूर्वजांना असलेल्या पहिल्या उपदाढेचा तो अवशेष होय. तो पाच-सहा महिन्यांपासून वर्षभराच्या वयात उगवतो. चावण्यासाठी त्याचा उपयोग नाही आणि स्वतःहून तो क्वचितच त्रास देतो.

त्रास होतो तो लगामामुळे. कडियाळे मागे खेचले गेले, की गालाची त्वचा या टोकदार दातावर दाबली जाते. हिरडीखाली दडलेला वुल्फ टूथ तर डोळ्यांना दिसतही नाही, पण बोट फिरविल्यास दुखरी गाठ म्हणून जाणवतो. त्यामुळे स्वारीचे शिक्षण सुरू होण्यापूर्वी, साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात, तोंडाची तपासणी करून हे दात काढून टाकण्याची पद्धत आहे. जखम भरून येईपर्यंत लगाम लावू नये. प्रत्येक घोड्याचा वुल्फ टूथ काढलाच पाहिजे असे नाही. तो कोठे आहे आणि कडियाळ्याच्या वाटेत येतो काय, यावर निर्णय ठरतो.

लगामाच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे तो काटेरी कडियाळ्यांचा. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या नियमांनी काटे, गाठी किंवा टोके असलेल्या लगामाला मनाई केलेली आहे. दातबदलाच्या वयात हिरड्या आधीच सुजलेल्या असतात. अशा तोंडात काटेरी लगाम म्हणजे जखमेवर जखम होय.

अपघात आणि कायमचा तोटा

शिंगरू जात्याच चौकस असते. बादलीची कडी, फाटकाची सळई, गव्हाणीची फट, दिसेल त्यात ते तोंड घालते आणि दचकून डोके मागे खेचते. अशा वेळी पुढचे दात अडकून उखडतात, कधी जबड्याचा पुढचा भागही मोडतो. दृश्य भीषण दिसते, रक्त वाहते. तरीही धीर सोडण्याचे कारण नसते. शिंगराच्या जबड्याला रक्तपुरवठा उत्तम असतो आणि तारांनी दात व हाड जागच्या जागी बांधल्यास बहुतेक अस्थिभंग सहा ते आठ आठवड्यांत भरून येतात. लोंबकळणारा दात स्वतः उपटून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. त्याच्याच खाली कायमच्या दाताचा अंकुर असतो. अंकुराला इजा झाली, तर पुढे येणारा दात वाकडा येतो किंवा येतच नाही.

दुधाचा दात गेला तर त्याची जागा भरणारा दुसरा असतो. कायमचा गेला तर मात्र प्रश्न तेवढ्या एका दाताचा राहत नाही. समोरच्या जबड्यातील जोडीदार दाताला घासायला कोणी उरत नाही आणि तो वर सरकत रिकाम्या जागेत उंच वाढतो. शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, त्यांच्यामध्ये गवत अडकते, हिरडी सडू लागते. जबड्याची आडवी हालचाल या उंच दातापाशी अडखळते आणि सगळ्याच दाढांची झीज विषम होऊ लागते. अशा घोड्याचा तो वाढणारा दात दर सहा महिन्यांनी घासून कमी करावा लागतो आणि हे काम जन्मभर चालते.

पोपटासारखे तोंड

काही शिंगरांचा वरचा जबडा खालच्यापेक्षा पुढे आलेला असतो; वरचे पुढचे दात पोपटाच्या चोचीसारखे खालच्या दातांवर ओघळतात. गवत कातरणे अवघड होतेच, शिवाय मागच्या दाढाही एकमेकींसमोर नीट येत नाहीत. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या कडेला आणि खालच्या शेवटच्या दाढेच्या मागच्या कडेला आकड्यांसारखी टोके वाढतात. हा दोष पहिल्या काही महिन्यांत ओळखला, तर जबड्याची वाढ चालू असेपर्यंत तारा व पट्टी बसवून तो कमी करता येतो. म्हणूनच नवजात शिंगराच्या पहिल्या तपासणीत ओठ उघडून दात जुळतात का, हे पाहण्याला महत्त्व आहे. दोषाला आनुवंशिकतेची बाजू असल्याने असे जनावर, उपचाराने सुधारले तरी, पैदाशीसाठी वापरू नये, असे पशुवैद्यक सांगतात.

दातांनी उघडा पाडलेला गैरव्यवहार

दातांवरून वय ठरविण्याची विद्या जुनी आहे. नकुलाच्या नावावर असलेल्या अश्वचिकित्सेत आणि जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यक’ या संस्कृत ग्रंथातही तिचा विचार आहे. जेथे वयाला किंमत, तेथे लबाडीही आलीच. म्हातारा घोडा तरुण दिसावा म्हणून दातांवर कृत्रिम खळगे कोरण्याचे प्रकार जसे झाले, तसेच कोवळे जनावर कामाला आलेले दिसावे म्हणून त्याचे दुधाचे पुढचे दात मुदतीपूर्वी उपटण्याचेही झाले. दोन वर्षांचे शिंगरू तीन वर्षांचे म्हणून विकले जाई आणि न पेलणारे ओझे त्याच्या पाठीवर चढे. दात उपटल्याने नवा दात लवकर येत नाही. हिरडीतील रिकामी जागा, समोरच्या जबड्यात शाबूत असलेले दुधाचे दात आणि मागच्या उपदाढांची अवस्था यांचा मेळ घातला, की ही लबाडी उघडी पडते.

याच विद्येचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडमधला. मे १८४४ मध्ये एप्समची डर्बी ‘रनिंग रेन’ या घोड्याने जिंकली. डर्बी केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि हा घोडा वस्तुतः चार वर्षांचा ‘मॅकाबियस’ असल्याचा संशय आधीपासून होता. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती बॅरन अल्डरसन यांनी तोंडी साक्षींवर न थांबता घोडाच हजर करण्याचा आग्रह धरला. तीन वर्षांच्या घोड्याच्या प्रत्येक जबड्यात कायमचे दोन पुढचे दात असतात, तर चार वर्षांच्या घोड्याच्या चार; त्यामुळे ओठ उघडताच निकाल लागला असता. घोडा हजर झालाच नाही. दावा कोसळला आणि दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लॅंडो’ला विजयी ठरविण्यात आले. त्याच शर्यतीत पाय मोडल्याने ठार करावा लागलेल्या ‘लिअँडर’ या घोड्याचा जबडा नंतर तपासला असता तोही चार वर्षांचा असल्याचा निष्कर्ष निघाला. आज शर्यतीच्या घोड्यांची ओळख मायक्रोचिप व डीएनए तपासणीने पटविली जाते. परंतु नोंदणी नसलेल्या जनावराच्या बाजारात दात हाच आजही जन्मदाखला होय.

डर्बीचे वय, दाढांचे वय

भारतात शर्यतीच्या घोड्याचे वय दर १ जानेवारीला एक वर्षाने वाढलेले मानतात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी प्रथम १९४३ मध्ये झाली. ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असून फेब्रुवारीत धावली जाते. याचा अर्थ, मार्च महिन्यात जन्मलेला घोडा डर्बीच्या दिवशी कागदावर चार वर्षांचा असला, तरी प्रत्यक्षात त्याला चार वर्षे पूर्ण व्हायला महिना बाकी असतो. दुधाची शेवटची उपदाढ पडण्याचा आणि शेवटची कायमची दाढ वर येण्याचा काळ नेमका हाच. प्रशिक्षणाची सर्वांत कठीण मेहनत आणि तोंडातील सर्वांत मोठी उलथापालथ अशी एकत्र येते. त्यामुळे नामांकित तबेल्यांत या वयात तोंडाची तपासणी वारंवार होते. हीच दृष्टी माथेरानला पर्यटकांना फिरविणाऱ्या किंवा लग्नाच्या वरातीत नाचविल्या जाणाऱ्या घोड्याच्या वाट्याला कितपत येते, हा खरा प्रश्न आहे. दाढ दुखते तेव्हा थरोब्रेड आणि तट्टू यांच्यात फरक नसतो.

कानस किती, कधी

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा पूर्ण घासल्या जात नाहीत व तिथे इनॅमलची धारदार टोके तयार होतात. वरची टोके गाल कापतात, खालची जीभ. दुधाच्या उपदाढांवर ही टोके विशेष तीक्ष्ण असतात. मोकळ्यावर चरणारा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चावत असतो. तबेल्यातील घोड्याची चंदी थोड्या वेळात संपते आणि दातांची झीज अपुरी व विषम होते. यावर उपाय म्हणजे लांब दांड्याच्या कानशीने ती टोके बोथट करणे. परंतु येथेही संयम हवा. कोवळ्या दातातील जिवंत गर पृष्ठभागापासून फार खोल नसतो. विजेच्या यंत्राने जास्त वेळ घासल्यास उष्णतेने तो मरतो. अधिक घासल्यास उघडा पडतो. शिवाय घासून काढलेला प्रत्येक मिलिमीटर त्या मर्यादित साठ्यातूनच वजा होतो. टोके घालवावीत, दात गुळगुळीत करू नये, हे सूत्र सर्वमान्य आहे.

मालकाने लक्षात ठेवावे असे काही

- पहिली तपासणी जन्मानंतर लगेच, दुसरी सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास आणि तिसरी लगाम लावण्यापूर्वी करावी. दोन ते पाच वर्षे या वयात दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून तोंड पाहून घ्यावे.
- गवताचे बोळे टाकणे, खाण्यास नेहमीपेक्षा जास्त वेळ लावणे, लाळ गळणे, तोंडाला दुर्गंधी, एका नाकपुडीतून स्राव, मान तिरकी धरणे आणि लगाम लावताना डोके उंच करणे, ही दुखऱ्या तोंडाची लक्षणे होत.
- लिदीकडे लक्ष असावे. तिच्यात अखंड दाणे आणि गवताच्या लांब काड्या दिसू लागल्या, की चर्वण नीट होत नाही असे समजावे. अर्धवट चावलेला चारा अन्ननलिकेत अडकू शकतो किंवा पोटशुळाला कारण होतो.
- दात बदलत असताना चंदी भिजवून द्यावी, गवत मऊ असावे. चारा शक्यतो जमिनीलगत ठेवावा. चरताना घोड्याची मान नैसर्गिकपणे खालीच असते.
- पुढचे दात ओठ उचलून पाहता येतात. दाढांमध्ये मात्र कधीही हात घालू नये. गालावरून बाहेरून हलके दाबल्यास घोडा दचकतो काय, एवढे पाहणे पुरेसे असते.
- हिरड्या सुजलेल्या असताना, तसेच दात काढल्यावर जखम भरेपर्यंत, लगाम पूर्ण बंद ठेवावा.
- शिंगराच्या आवाक्यात बादलीच्या उघड्या कड्या, तारा व अरुंद फटी ठेवू नयेत.
- पडलेल्या टोपीची तारीख व बाजू वहीत लिहून ठेवावी. जोडीची दुसरी टोपी रेंगाळते आहे, हे त्यावरूनच कळते.

भीमथडीच्या तट्टांनी ज्या मुलखाचे नाव गाजविले, तेथे घोडा पारखण्याची विद्या नवी नाही. ओठ उचलून दात मोजणारे जाणते हात आजही बाजारोबाजारी दिसतात. तोच ओठ खरेदी झाल्यावरही दर सहा महिन्यांनी उचलला गेला, तर द्वाड म्हणून हिणवले जाणारे कित्येक घोडे केवळ एका अडकलेल्या टोपीचे रोगी होते, हे ध्यानात येईल.